कपाळावरचा हात आता खाली येऊ द्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्यावर निघालेली मराठी पुस्तकं एका टेबलावर ओळीनं मांडली, तर लेखक वेगळे दिसतात, प्रकाशक वेगळे दिसतात, मुखपृष्ठं मात्र बहुतेकांची एकाच साच्यातली. भेगाळलेली जमीन. वठलेलं झाड. झाडाला दोर, नाहीतर दोराची सावली. आणि झाडाखाली कपाळाला हात लावून बसलेला, दाढीचे खुंट वाढलेला म्हातारा. करडा, तपकिरी आणि काळा एवढ्या तीन रंगांत आमचा अख्खा जिल्हा छापून मोकळे झाले. फाल्गुनात पांढरकवड्याच्या रस्त्याला पळस फुलतो, दिग्रस-पुसदकडच्या तांड्यांवरच्या बायका आरसे जडवलेल्या कापडात बाजाराला येतात, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लागते आणि पाठीवर झूल चढते. यातलं काहीच त्या तीन रंगांना दिसलं नाही.

मी मुखपृष्ठं करते. सध्या माझ्याकडे जे पुस्तक आहे ते एका कास्तकारानं लिहिलेलं आहे. पोळ्याच्या झडत्या, कापूस बाजारातले किस्से आणि गावात येऊन गेलेल्या मोठ्या पाहुण्यांच्या हकिकती त्यानं जमवल्यात. पुस्तक हसवतं, आणि हसता हसता चावतं. त्यासाठी मी मांडलेली कल्पना अशी. बाहेर तोच म्हातारा, तेच झाड, तीच भेगाळ जमीन, सगळं करड्या रंगात, अगदी नेहमीच्या पुस्तकासारखं. फक्त चित्राच्या एका अंगाला तीन बाजूंनी कापलेली झडप. ती उघडली की आतल्या पानावरचं रंगीत चित्र बाहेरच्या चित्राला येऊन जुळतं. तीन कॅमेरे, एक माईक, पांढऱ्या गाड्यांची रांग, आणि म्हाताऱ्याला हात कपाळावर घ्यायची खूण करणारा एक माणूस. म्हाताऱ्याचा दुसरा हात बाहेरच्या चित्रात झडपेखाली झाकलेला होता. तो आता दिसतो. त्या हातानं त्यानं पाहुण्यांपुढे चहाचा कप धरला आहे. मलपृष्ठावर ना लेखकाचा फोटो, ना कौतुकाचा मजकूर. दोन चौकटी आहेत, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’, आणि खाली वाचकानं सही करायची रेघ.

या कल्पनेवर आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ समीक्षकांनी सविस्तर आक्षेप घेतला. त्यांना मी सर म्हणते. नाव लिहीत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही; प्रकाशकांच्या कार्यालयांत, ग्रंथालयांच्या समित्यांत, पुरस्कारांच्या बैठकांत ते गेली कित्येक वर्षं पाय रोवून उभं आहे. ज्या जिल्ह्यात घरोघरचे कर्ते पुरुष गेले तिथे पुस्तकाच्या दारातच थट्टा मांडणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं, हा त्यांचा पहिला मुद्दा. मुखपृष्ठानं अदबीनं राहावं, लक्ष वेधण्यासाठी खोड्या काढणं हा जाहिरातवाल्यांचा धंदा आहे, साहित्याचा नव्हे, हा दुसरा. आणि असले चाळे बाहेरून उचललेले आहेत, मराठी ग्रंथपरंपरा शालीन आहे, हा तिसरा.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण तिथे मतभेदाला जागाच नाही. तो चुकीच्या माहितीवर उभा आहे.

१९५१ साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ हा विनोदी दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांत खिडकीचित्रं आली. वरच्या पानावर काहीतरी चावट चाललंय असा भास होतो. कापलेली झडप उघडावी, तर खालच्या पानावरचं चित्र वरच्याला जोडलं जातं आणि प्रकरण भलतंच साधं निघतं. मोठ्यांनी तो अंक मुलांपासून लपवायचा आणि मुलांनी तो शोधून काढायचा, हा पिढ्यान्‌पिढ्या चाललेला दिवाळीचा उद्योग. त्या खिडकीची खरी करामत चावटपणात नव्हती. झडप उघडण्याआधी चित्र पुरं करतो तो वाचक, स्वतःच्या मनानं. उघडल्यावर सापडतं तेही त्याचंच मन. चित्रकारानं फक्त जागा ठेवलेली असते. माझ्या मुखपृष्ठाची सगळी मदार याच युक्तीवर आहे. वाचकानं बाहेरचं चित्र पाहून ‘बिचारा शेतकरी’ म्हणावं, मग झडप उघडावी, आणि आपल्या तोंडून ‘बिचारा’ कुणी वदवून घेतलं ते पाहावं. हे मी परदेशातून आणलेलं नाही. आमच्या आज्यांच्या ट्रंकेत ठेवलेल्या दिवाळी अंकांतून आणलं आहे.

‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं वसंत सरवट्यांनी वर्षानुवर्षं केली. मराठी साहित्यातली मोठमोठी माणसं त्यांवर नाकाडोळ्यांसकट, त्यांच्या सगळ्या लकबींसकट येत. जयवंत दळवींच्या ठणठणपाळाला चेहरा दिला तोही सरवट्यांनीच. लेखकांची अशी जाहीर फिरकी मुखपृष्ठावर घेतली जात होती, आणि आपण त्या चित्रात आहोत याचा लेखकांना आनंद होत होता. रघुवीर मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना जी मुखपृष्ठं दिली, त्यांनी रेल्वे स्टेशनवरचा वाचक हाताला धरून थांबवला. मुळगावकरांनी देवादिकांची चित्रं काढली त्याच हातानं खुनाचे प्रसंगही रंगवले, आणि कुणी त्यांना शालीनतेबाहेर काढलं नाही.

सरांची शालीन परंपरा ज्या माणसापाशी येऊन थांबते तो तर विनोदी लेखक नव्हता, चित्रकारही नव्हता. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषसंबंध यांवर अत्यंत कोरड्या, शास्त्रीय भाषेत लिहिलेलं हे मासिक. आणि त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. आतल्या मजकुरावरून खटले झाले, दंड झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांना गिऱ्हाईक गोळा करायचं असतं तर त्यांनी आतला मजकूरही तसाच रसाळ लिहिला असता. माणसाचं शरीर पाहताना माणसाला लाज वाटू नये, हे त्यांना आत शंभर पानांत सांगायचं होतं, आणि तेच त्यांनी बाहेर एका चित्रात सांगितलं. मुखपृष्ठ आणि मजकूर एकाच विचारानं बांधलेले होते. चिथावणी याहून गंभीर असूच शकत नाही.

आणि शेतकऱ्याबद्दलच बोलायचं, तर महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या पुस्तकाचं नाव काय ठेवलं होतं? ‘शेतकऱ्याचा असूड’. शेतकऱ्याच्या दैन्याचं इतकं तपशीलवार वर्णन तोवर मराठीत कुणी केलं नव्हतं. घरातली गळकी भांडी, अंगावरची लक्तरं, सावकाराचा कागद, अंमलदाराची अरेरावी, सारं त्यात आहे. एवढं दुःख पुढ्यात असताना जोतीरावांनी नावात आसवं घातली नाहीत, असूड घातला. आज तेच पुस्तक प्रथमच छापायला निघालं असतं तर त्याच्यावर वठलेलं झाड आणि डोक्याला हात लावलेला म्हातारा चढला असता, याबद्दल मला शंका नाही.

खोड्या काढणं हा जाहिरातवाल्यांचा धंदा, या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर म्हणून मी एकच नाव घेईन. अरुण कोलटकर. पोटापाण्यासाठी मुंबईतल्या जाहिरात संस्थांत काम केलेला, त्या क्षेत्रातले मोठे मान मिळवलेला माणूस, आणि मराठी कवितेचा कस बदलून टाकणारा कवी. १९७६ मध्ये काही कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली, तेव्हा ‘जेजुरी’सह तिथल्या पुस्तकांची रूपं कोलटकरांनी घडवली. मराठीत त्यांची पुस्तकं अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’नं काढली, आणि त्यातलं एकही हातात घेतलं तरी कळतं की अक्षराची जागा, पानाचा आकार, कोरी सोडलेली बाजू, सगळ्यांवर कवीची नजर फिरलेली आहे. जाहिरातीत शिकलेली नजर त्यांनी कवितेच्या दारात पायताणासारखी काढून ठेवली नाही. ती आत नेली. रस्त्यावरच्या माणसाचं लक्ष कसं थांबतं हे ज्याला कळतं, त्याला मराठी साहित्यानं हलक्या जातीचा ठरवायचं, ही सरांची विभागणी कोलटकरांच्या एका आयुष्यानं मोडून काढली आहे.

पुस्तकाच्या दुकानात किंवा संमेलनातल्या गाळ्यावर माणूस एका पुस्तकापाशी किती वेळ थांबतो, हे मुखपृष्ठ करणाऱ्या कुणालाही विचारा. नजर सरकते, क्षणभर अडते, पुढे जाते. त्या क्षणात हात पुढे आला तर आतलं पान उघडतं, नाही तर लेखकाची सगळी मेहनत मिटलेली राहते. अदबीचं मुखपृष्ठ तो क्षण नम्रपणे हातचा जाऊ देतं. शेतकऱ्यावरचं करडं मुखपृष्ठ त्याहून वाईट काम करतं. ते वाचकाला आधीच सांगून टाकतं की आत काय आहे ते तुला ठाऊक आहे, तू हळहळ आणि पुढे जा.

आता पहिला मुद्दा. त्याच्यापाशी मला जास्त थांबायचं आहे.

दुःखाच्या जागी हसू नये, असं सर म्हणतात. कुणाच्या दुःखाच्या जागी, आणि कुणी हसू नये? १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीव दिला. त्या तारखेला आज राज्यभर लोक अन्नत्याग करतात. तो जिल्हा आमचा आहे, आणि त्या तारखेचं ओझं काय असतं हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण चिलगव्हाणनंतरही याच जिल्ह्यात दरवर्षी पोळा भरला. तोरणाखाली बैल उभे राहिले आणि लोकांनी झडत्या म्हटल्या. झडती म्हणजे काय, हे सरांना मी सांगायला नको. सावकार, व्यापारी, तलाठी, आमदार, मंत्री, कुणालाही सोडत नाही ती. नावं घेऊन, यमक जुळवून, भर गावात. कापसाचा भाव पडला की त्या वर्षीच्या झडत्या जास्त धारदार होतात. बैलाच्या पाठीवर गेरूनं, रंगानं हमीभावाची आणि कर्जमाफीची मागणी लिहून त्याला गावातून फिरवणारे शेतकरी आमच्याकडे आहेत. त्याहून धीट मुखपृष्ठ मी माझ्या टेबलावर बसून करू शकलेली नाही.

या मातीत मरणाशी थट्टा करायची रीत जुनी आहे. यवतमाळचे वकील आणि शिकारी भाऊसाहेब पाटणकर मराठीत शायरी घेऊन आले तेव्हा त्यांनी मृत्यूला मैफलीतल्या पाहुण्यासारखं समोर बसवलं आणि त्याची फिरकी घेतली. हजारो लोक हसले, टाळ्या वाजवल्या, आणि घरी जाताना आपल्याही मरणाकडे थोडं सरळ पाहू लागले. शंकर बडे वऱ्हाडीत बोलायला उभे राहिले की कास्तकाराची फजिती आणि कास्तकाराची शहाणीव एकाच वाक्यात येई. नेर तालुक्यातल्या धनज माणिकवाड्यातून आलेल्या मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्सप्रेस’ गावोगाव फिरली ती कोरडवाहू माणसाच्या हालांवरच. त्यांच्यापुढे बसलेले श्रोते कोण होते? कर्जात बुडालेलेच होते. त्यांना हसू नका असं सांगायला त्या वेळी कुणी समीक्षक मंचावर चढला नाही.

‘गाभ्रीचा पाऊस’ हा सतीश मनवर यांचा २००९ सालचा चित्रपट. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर एक बाई आपल्या नवऱ्यावर पोराला पाळतीवर ठेवते, हा त्यातला धागा. ती भीती, ते लपूनछपून पाहणं, नवऱ्याचं वैतागणं, यांतून जे हसू येतं ते घशात अडकतं, आणि म्हणूनच तो चित्रपट विसरता येत नाही. त्याचं नावच पावसाला घातलेली वऱ्हाडी शिवी आहे. चित्रपटाला जे साधलं ते पुस्तकाच्या मुखपृष्ठाला साधू नये, असा नियम कुणी केला?

आणि २०१९. जानेवारीत यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९७३ नंतर, गदिमांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनानंतर, ते प्रथमच आमच्या गावी आलं. उद्‌घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, लेखकांनी पाठ फिरवली. अशा त्या मांडवात उद्‌घाटनाला उभी राहिली कळंब तालुक्यातल्या राजूरची वैशाली येडे, जिच्या नवऱ्यानं आत्महत्या केली होती आणि जी ‘तेरवं’ या नाटकात काम करत होती. तिचं भाषण आठवा. अडचणीला दिल्लीची बाई धावून येत नाही, गल्लीतलीच येते, असं ती म्हणाली. साऱ्या महाराष्ट्रानं ते वाक्य उचललं. त्यात वेदना होती आणि टोलाही होता, दोन्ही एकाच दमात. समोर काही स्त्रिया सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या होत्या. ज्या बाईला येऊ दिलं नाही, ती बाई अनेक होऊन पुढच्या रांगांत बसलेली. त्या संमेलनात कितीतरी गंभीर ठराव झाले असतील. लोकांच्या लक्षात राहिले ते ते मुखवटे आणि ते वाक्य.

‘तेरवं’ श्याम पेठकरांनी लिहिलं, हरीश इथापेंनी बसवलं, आणि त्यात घरधनी गमावलेल्या बायकाच रंगमंचावर आल्या. गायल्या, बोलल्या, प्रेक्षकांना प्रश्न विचारले. ज्यांच्या नावानं सर हसण्याला बंदी घालतात, त्या स्वतः मंचावर उभ्या राहून ठरवतात की कुठे रडायचं आणि कुठे टोला हाणायचा. त्यांच्या वतीनं सुतक पाळायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मला तर असं दिसतं की करडं मुखपृष्ठ त्यांच्या दुःखाची अदब राखत नाही. ते आपल्या सोयीची अदब राखतं. शेतकरी कपाळाला हात लावून बसला की त्याला दया दाखवता येते. तो कॅमेऱ्याकडे पाहून विचारायला लागला की उत्तर द्यावं लागतं.

खरा अशालीनपणा कुठे घडतो, तेही सरांनी पाहावं. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जुलै २००८ मध्ये मारेगाव तालुक्यातल्या जळक्याची एक विधवा लोकसभेतल्या भाषणात पोहोचली आणि देशभरचे कॅमेरे तिच्या दारात आले. २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली. दोन्ही बाजूंच्या पक्षांचे, सगळ्या वाहिन्यांचे ताफे आमच्या धुऱ्यांवरून गेले. प्रत्येक वेळी कुणीतरी अंगणात बसला, प्रत्येक वेळी फोटो निघाला. त्यांतले किती फोटो पुढे मुखपृष्ठांवर, अहवालांवर, दिनदर्शिकांवर आले, आणि त्यासाठी त्या माणसाला, त्या बाईला कुणी विचारलं? एखाद्या खऱ्या विधवेचा खरा चेहरा, तिच्या परवानगीशिवाय, तिचं नावही न छापता पुस्तकाच्या दर्शनी पानावर लावायचा, आणि त्याला संवेदनशील म्हणायचं. माझ्या रेषेनं काढलेल्या, कुणाही एकाचा नसलेल्या म्हाताऱ्यानं चहा पुढे केला की त्याला थट्टा म्हणायचं. या न्यायापुढे मी मान तुकवणार नाही.

कॅमेरेवाल्यांना मी चित्रात आणलं याचाच काहींना राग आहे, हे मला कळतं. त्यांत पत्रकार आहेत, पुढारी आहेत, अभ्यासक आहेत, आणि मुखपृष्ठ करणारी मीही आहे. त्या झडपेमागे जी गर्दी उभी आहे ती आपलीच. चहाचा कप त्यांच्यापुढे धरलेला आहे, कारण आमच्या गावांत खरंच तसं होतं. घरात दूध नसताना शेजारून आणून पाहुण्याला चहा होतो. बाहेरच्या चित्रात हा माणूस फक्त घेणारा आहे, मदत घेणारा, दया घेणारा. आत तो देणारा आहे. माझ्या कल्पनेत एकच गोष्ट गाभ्याची असेल तर ती हा कप. उरलेलं सगळं त्याला पोचण्याची वाट आहे.

सरांच्या आक्षेपात एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती मी त्यांच्याइतक्याच तळमळीनं मानते. खोडकर मुखपृष्ठाच्या नावाखाली पुष्कळ उथळ काम चालतं. दोराच्या फासाला नक्षी करून त्यातून पुस्तकाचं शीर्षक ओवायचं, स्मशानाला झगमगीत अक्षरं लावायची, गरिबाच्या बोलीला चेष्टेचा विषय करायचा, याला चिथावणी म्हणत नाहीत. त्यात चित्रकाराची हुशारी दिसते आणि भार दुबळ्याच्या खांद्यावर पडतो. हसण्याचा रोख कुणाकडे आहे, एवढंच मी प्रत्येक कल्पनेला विचारते. रोख वरच्याकडे असेल, पाहणाऱ्याकडे असेल, माझ्याकडे असेल तर कल्पना टिकते. खाली वळला की ती कितीही चमकदार असली तरी जाते.

याच पुस्तकासाठी माझ्यापुढे दुसरी एक कल्पना होती. मुखपृष्ठ कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटासारखं करायचं. चकचकीत हिरवं, वर कुणी कधी न पाहिलेली टम्म फुगलेली बोंडं, आणि कोपऱ्यात कीटकनाशकाच्या डब्यावर असतो तसा, खालचा अर्धा भाग लाल असलेला चौकोन, अतिविषारी असल्याची खूण. दिसायला ते झडपेच्या मुखपृष्ठाहून कदाचित जास्त खेचून घेणारं होतं. बियाण्याचं पाकीट हे स्वतःच एक मुखपृष्ठ आहे, आणि त्याच्या आतल्या मजकुराची हमी कुणी घेत नाही, हा त्यातला टोलाही नेमका होता. पण २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत शेतकरी होते, रोजानं फवारणीला जाणारे मजूर होते. शेकडो दवाखान्यांत होते. ज्या घरातला माणूस त्या लाल चौकोनाच्या डब्यानं गेला, त्या घरातल्या कुणाच्या हातात हे पुस्तक पडलं तर त्याला तिथे बियाणं कंपनीवरचा टोला दिसणार नाही, डबा दिसेल. म्हणून ती कल्पना वहीतच राहिली. सरांनी दोन्ही कल्पना एकाच मापानं मोजल्या असत्या. माझ्यासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि असं अंतर मोजत बसणं हेच मुखपृष्ठ करणाऱ्याचं काम आहे. नियम करून ते काम टाळता येत नाही.

झडप फाटेल, ग्रंथालयात चार वाचकांच्या हातून गेली की लोंबकळेल, असंही सांगण्यात आलं. ही अडचण व्यवहाराची आहे आणि तिला व्यवहारातच उत्तर आहे. ३०० जीएसएमचं कार्ड, त्यावर मॅट लॅमिनेशन. झडपेची बिजागरी कण्याच्या बाजूला, म्हणजे ती पान उलटावं तशी उघडते, आणि कागदाचा ग्रेन त्या घडीला समांतर ठेवला की घडीवर तडा जात नाही. कापाचे कोपरे गोल ठेवायचे, फाटणं नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतं. डायचा खर्च एकदाच येतो. आवृत्ती छोटी असेल तर तो प्रतीमागे जाणवतो, हे खरं. त्यासाठी आतल्या पानांच्या कागदात थोडी काटकसर करायला लेखक तयार आहे. ‘आवाज’च्या हजारो प्रतींच्या खिडक्या ज्या महाराष्ट्रात कापल्या गेल्या, तिथे एका पुस्तकाची झडप कापता येणार नाही असं म्हणणारा छापखान्यात कधी उभा राहिला नसेल.

मलपृष्ठावरच्या त्या दोन चौकटींना सरांचा सगळ्यात जास्त विरोध आहे. मृत्यूची अशी नोंद मांडणं त्यांना क्रूर वाटतं. क्रूर आहेच ते. पण ते शब्द माझे नाहीत. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जातं. नापिकी होती का, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून शिक्का बसतो, पात्र किंवा अपात्र. पात्र ठरला तर कुटुंबाला एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं असेल, नातेवाइकाचं असेल, तर मेलेला माणूस कागदावर अपात्र. हे वर्षानुवर्षं चाललं आहे, वर्तमानपत्रांत एका कोपऱ्यात त्याचे आकडे येतात, आणि आपण ते वाचून पान उलटतो. मी फक्त ते दोन शब्द कचेरीतून उचलून वाचकाच्या हातात दिले आहेत आणि खाली सहीला जागा ठेवली आहे. कुणी ती रेघ कोरी ठेवेल, कुणी रागानं पुस्तक उलटं घालून ठेवेल, कुणी पेन काढून दोन्ही चौकटी खोडेल. सरांना जे वाटेल ते त्यांनी करावं, पहिल्या प्रतींतली एक मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन देणार आहे. ती रेघ मात्र मी काढणार नाही.